घोडीखालची काळी वायर

नाशिक रोड,
१३ मे १९८६

प्रिय नागसेन,

सप्रेम जयभीम.

काल केलेला टेलिग्राम मिळाला असेल. तो बघून तू घाबरला असशील. कोणी गेलेलं नाही, कोणी आजारी नाही, मी ठणठणीत आहे. पण त्यात लिहिलंय ते अक्षरशः पाळ. गिटारमधली काळी वायर जोडू नकोस. तुझा तो वाद्यदुरुस्तीवाला म्हणाला ना, की आत घोडीखाली एक वायर तुटलेली दिसते, जोडून टाकू, पाच मिनिटांचं काम आहे? नाही जोडायची. ती तुटलेली नाही रे बाबा, मुद्दाम कापलेली आहे. आणि हे पत्र शेवटपर्यंत वाचून होत नाही तोवर गिटारची पिन ॲम्प्लिफायरमध्ये घालायचीच नाही. तुला वाटेल आईचं डोकं फिरलं. फिरू दे. तू आधी वाच.

तुझं पत्र शनिवारी आलं. मी नुकतीच दुकानातून आले होते. उन्हाळा म्हणजे आमचा हंगाम, तुला माहीतच आहे. जळालेले पंखे आणि विहिरीवरच्या मोटरी यांनी इसाकभाईंचं दुकान इतकं भरलंय की गिऱ्हाईक बाहेर फळीवर बसतं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, त्यामुळे बारीक तारेचं सगळं वायंडिंग आता माझ्याच गळ्यात. हात धुतले, चहा टाकला आणि तुझं पत्र उघडलं. पहिलं पान वाचून हसूच आलं. जुना पिकप घोगरा झालाय, नवा बसवायचाय, मित्र मुंबईहून आणून देतोय, तीन प्रकारचे मिळतात, आई तू वायंडिंगवाली, तूच सांग कोणता घेऊ. म्हटलं, लेकाला आईची अक्कल आठवली एकदाची! मग पान उलटलं. काळ्या वायरचं वाचलं, आणि बुद्धपौर्णिमेला पुण्यात दापोडीला कार्यक्रम आहे हे वाचलं. चहा तसाच राहिला. शेजारच्या लताबाई नातीचे पेढे घेऊन आल्या, तर मला बघून त्यांना वाटलं ऊन लागलंय. कांदा फोडून नाकाला लावला माझ्या.

आधी तू विचारलेलं सांगते. पिकपमध्ये जादू काही नाही. लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर गिटारची लोखंडी तार थरथरली की खालच्या कॉइलमध्ये इवलासा करंट तयार होतो, तो ॲम्प्लिफायर मोठा करतो. तुझ्या यादीतला पहिला पिकप एका कॉइलचा, म्हणजे आत्ता आहे तसाच. आवाज खणखणीत, पण ट्यूबलाइट, जनरेटर, मंडपाची वायर, जवळ जे असेल त्याची घूं त्यातून येणारच. ती घूं घालवायला गिटारच्या तारांना आतून एक वायर जोडतात. तारा जिच्यावर टेकतात त्या लोखंडी पट्टीला तुझे आबा घोडी म्हणायचे, सतारीची म्हणतात तशी. त्या घोडीखालून ही वायर निघते आणि थेट ॲम्प्लिफायरच्या अंगाला जाऊन मिळते. वाजवणाऱ्याचा हात तारांवर पडला की घूं बसते. तीच तुझी काळी वायर. म्हणून पहिला पिकप बाद. कोणी फुकट दिला तरी घरात आणायचा नाही.

तिसरा तो बॅटरीवाला, परदेशी. त्याच्या कागदावर लिहिलंय म्हणतोस की तारांना वायर जोडायची गरजच नाही. इसाकभाई म्हणतात हाच घ्यावा. माझं मन घेत नाही. भर कार्यक्रमात सेल बसला तर मंडपात तसला सेल कोण आणून देणार? मग कोणीतरी शहाणा पुढे होईल, जुना पिकप लावून देईल, आणि घूं आली की वायरही जोडून देईल. मला त्या शहाण्याची धास्ती आहे. म्हणून मधला घे, दोन कॉइलींचा. त्यात एक कॉइल एका दिशेने गुंडाळलेली असते, दुसरी उलट दिशेने, चुंबकही उलटसुलट. बाहेरची घूं दोघींत शिरते आणि दोघी मिळून ती मारतात, तारांचा आवाज तेवढा राहतो. सेल नको, काळी वायर नको. थोडी खरखर राहील. राहू दे, कोणी मरत नाही खरखरीने. आतल्या खाचेला तांब्याचा पातळ पत्रा लावू, तो मी आणते, पण तो घोडीला कुठेही टेकता कामा नये. वरची बटणंही प्लास्टिकचीच लाव, लोखंडाची नकोत. हसू नकोस.

हे झालं तू विचारलेलं. आता तू कधी विचारलं नाहीस ते.

आबांकडे ही गिटार आली त्र्याहत्तर साली. देवळाली कॅम्पातल्या क्लबात एक गोवेकर वाजवायचा, तो गाव सोडून निघाला तेव्हा आबांना देऊन गेला. प्रेसची ड्युटी करून आलेला माझा नवरा, जेवायचं सोडून आधी त्या गिटारला फडकं मारायचा. आपल्या गायन पार्टीत तोवर पेटी, ढोलकी, टाळ. लोक हसले. म्हणाले, कारभारी, चारच तारा? बाकीच्या दोन वाटेत पडल्या का? आबा नुसते हसायचे. मग पहिल्याच कार्यक्रमात त्या जाड तारेचा घुमारा पोटात लागला तशी सगळी माणसं गप्प झाली. पुढच्या वर्षी बाहेरगावची आमंत्रणं येताना त्यात खास लिहून यायचं की ती मोठी गिटार घेऊन या. तू त्यांच्या मांडीजवळ बसून लाकडाला कान लावायचास, आठवतं का?

पंच्याहत्तरच्या थंडीत पिकप मेला. नाशिकमध्ये हा शब्दच कोणाला माहीत नव्हता. मुंबईच्या दुकानाने सांगितलं, पाच-सहा महिने लागतील. आबांचं तोंड बघवेना. इसाकभाईंनी तो पिकप उघडला, आत कॉइल तुटलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा पंख्यांच्या, मोटरींच्या कॉइली भरत होते, पण असली तार आयुष्यात हातात घेतली नव्हती. श्वास जोरात सोडला तरी हलायची. पहिल्यांदा तीन हजार वेढ्यांवर तुटली. दुसऱ्यांदा नऊ हजारांवर, आणि मी अशी रडले की इसाकभाई घाबरून सोडा घेऊन आले. तिसऱ्यांदा जमली. आबांनी पिन घालून जाड तार छेडली आणि माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून जपून ठेवलंय. सगळ्यांना सांगत सुटले, हा आवाज माझ्या चांगुणाच्या हातचा. तुझ्या गिटारमध्ये आज घोगरा झालाय तो पिकप हाच. अकरा वर्षं टिकला. तो फेकू नकोस, मला आणून दे.

पण त्याला घूं फार होती. जुन्याला नव्हती इतकी. आबा तोंडाने काही बोलायचे नाहीत, पण गाणं संपल्यावर ती घूं तेवढी मागे उरायची आणि ते माझी नजर चुकवायचे. मला ते लागायचं. माझ्या हातचं काम, आणि त्यात खोट? मग एका रविवारी दुकानात ती घूं गेली. साफ गेली. आबा नाचायचेच बाकी होते. ती कशी गेली ते सांगणार आहे, पण जरा थांब, पाणी पिऊन येते.

तू लहानपणी मला फार छळायचास, की आई, तू दिवसभर करंटमध्ये हात घालतेस आणि मला साधा बल्ब बदलू देत नाहीस. तेरा वर्षांचा असताना तू ओल्या हाताने इस्त्रीची पिन काढायला गेलास, तेव्हा मी तुला अशी थोबाडीत मारली की बोटं उमटली. तू दोन दिवस बोलला नाहीस. जयंतीला बायकांनी मला चार शब्द बोल म्हणून पुढे केलं की मी माइकपासून हातभर लांब उभी राहायचे, मागच्यांना ऐकू यायचं नाही, लोक म्हणायचे चांगुणाबाई लाजतात. लाजते कसली! आजही ट्यूबलाइट कुरकुरली की माझ्या हाताला मुंग्या येतात. गेल्या महिन्यात तू खाटेखालून आबांची गिटार काढलीस तेव्हा मी स्वयंपाकघरात पळाले. तू म्हणालास, आई, नेऊ ना? मी भाकरी थापत म्हणाले, ने. पाठ करून म्हणाले. तेव्हाच तोंड फोडून सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. वाटलं, कापलेली वायर आहे, कोणाला दिसणार आहे?

नामपूरचं तुला सगळ्यांनी सांगितलंय ते एवढंच, की शहात्तरची बुद्धपौर्णिमा, ऊन मरणाचं, कारभारींना मंचावर चक्कर आली आणि हार्ट बंद पडलं. तू मामाकडे होतास. मी तिथे होते, पुढच्या रांगेत. मातीचा ओटा, त्यावर शेणामातीचं सारवण, धूळ उडू नये म्हणून पाणी मारलेलं. मंचावर बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, म्हणून सगळे वादक चपला खाली काढून वर चढले. आपण चढतोच. पहिला भाग झकास झाला. मध्यंतरात कोणीतरी पंखा लावायला ॲम्प्लिफायरची पिन काढली आणि परत घालताना उलटी घातली. तिथला बोर्ड दोन पिनांचा, जमिनीत जाणारी तिसरी पिन तिथे नव्हतीच. मशीनच्या लोखंडी अंगात करंट उतरला, आणि तिथून काळ्या वायरने गिटारच्या तारांत. लोकांनी पुन्हा पाणी मारलं. आबा चहा पिऊन आले, माझ्याकडे बघून मान हलवली, अनवाणी वर गेले. डाव्या हाताने गिटारची मान धरली आणि कोरस धरायला माइककडे वाकले. तोंड माइकला लागलं, बस्स. ओरडलेसुद्धा नाहीत. लोकांना वाटलं चक्कर आली. डॉक्टरांनी हार्ट म्हटलं, आणि हार्टच बंद पडलं होतं, खोटं नाही ते. पण मी त्यांचा डावा हात मांडीवर घेतला तर चार बोटांवर चार काळ्या रेघा होत्या, आडव्या. मी पदराने पुसल्या. गेल्या नाहीत. मग मी तो हात पदरात गुंडाळून धरला, कोणाला दिसू दिला नाही. फक्त इसाकभाईंनी बघितला, कारण मशीन त्यांनी बनवलेली होती आणि तेच तिच्याजवळ बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गिटार उघडली आणि कटरने ती काळी वायर कापून टाकली. गिटार माझ्यासमोर ठेवली आणि हमसून हमसून रडले. म्हणाले, भाभी, मशीन माझी, खून माझ्या माथी. त्यानंतर दहा वर्षं त्या माणसाने ॲम्प्लिफायरला हात लावला नाही. नाशिकभरातून ऑर्केस्ट्रावाले यायचे, हात जोडायचे. ते म्हणायचे, मी फक्त मोटरी भरतो. आणि मी, नागसेन, त्याच दुकानात त्यांच्यासमोर बसून दहा वर्षं तारा गुंडाळत राहिले आणि एक अक्षर बोलले नाही. कारण ती वायर मी जोडली होती.

हो, मी. त्या रविवारी इसाकभाई जेवायला गेले होते. मी मोटरीवाली बाई. मोटरीचा माझा नियम एकच, माणसाचा हात जिथे लागतो त्या लोखंडाला अर्थिंग द्यायचं. मला वाटलं, गिटारच्या तारांना हात लागतो, मग त्यांना नको का? घोडीखालून काळी वायर काढली, कथलाचा डाग देऊन जोडली, घूं गेली. किती खूश झाले मी! मोटरीची वायर जमिनीत जाते. ही जात होती मशीनच्या अंगात, आणि मशीनची वायर कुठे जाते हे मी बघितलं नाही. आपल्या दुकानात अर्थिंग पक्कं, खाली रबराची चटई, पायात स्लीपर. तिथे शंभर वेळा वाजवलं असतं तरी काही झालं नसतं. नामपूरला आबा अनवाणी असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दरवर्षी मी त्यांना चपला काढताना बघत होते, तरी आलं नाही.

परवा रविवारी तुझं पत्र घेऊन इसाकभाईंकडे गेले. म्हटलं, पोराच्या जिवावर बेतलंय, आता तरी बोलावं. सगळं सांगितलं. म्हटलं, तुमच्या माथी काही नाही, ती वायर माझी होती, मी तुम्हाला दहा वर्षं जाळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, भाभी, मला त्याच दिवशी कळलं होतं. माझा डाग चपटा असतो, तुमचा गोल, मसुरीच्या दाण्याएवढा. तो बघूनच कापली मी. मग मी विचारलं, तर कधी बोलला का नाहीत? म्हणाले, मशीनपण माझीच होती ना, आणि तुमच्या पदरात पोर होतं. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवू दिलं नाही त्यांनी. उठून कपाटातून करंट उतरलाय का ते बघायचा जुना टेस्ट लॅम्प काढला, वायर नवीन लावली आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, हा पुण्याला न्या.

वायर जोडू नको एवढंच सांगायचं असतं तर टेलिग्राम पुरला असता. पत्र लिहिलं ते यासाठी, की आबा कशाने गेले आणि कोणाच्या हाताने गेले, ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. माफ करायचं की नाही ते तू ठरव, मी मागत नाही. गिटार वाजवू नकोस, असंही एकदा लिहिलं होतं, ते पान फाडलं. तू वाजव. चप्पल मात्र काढूनच चढ, त्यात सवलत नाही. आपण अनवाणीच वाजवणार, म्हणून तर पिकप तसा निवडायचा. दोन कॉइलींचा पिकप आणून ठेव, बसवू नकोस, डाग मी देईन, आणि या वेळी इसाकभाई शेजारी बसून बघणार आहेत. आम्ही दोघं बावीस तारखेच्या एस.टी.ने येतो आहोत. पौर्णिमेला मंचावर आधी मी चढेन, चपला खाली काढून, ओल्या मातीवर. आधी टेस्ट लॅम्प लावीन. मग एका हातात आबांच्या गिटारच्या तारा धरीन आणि दुसऱ्या हातात माइक, सगळ्या लोकांसमोर. तुझे मित्र हसतील, तुला लाज वाटेल, वाटू दे. मला काही झालं नाही, तर मग तू हात लाव.

तुझीच,
आई